ना म्हणायला शिकवणाऱ्या बाई

आमच्या ऑफिसात एक खुर्ची होती, तिच्यावर बसायची कुणालाच परवानगी नव्हती. ऑफिस म्हणजे डिचोलीच्या बाजारात भांड्यांच्या दुकानावरच्या दोन खोल्या. एका खोलीत दुकानदाराचे रिकामे खोके आणि दुसरीत आम्ही. जागेची ही तऱ्हा, तरी पाहुणा आला की त्याने जनेलाच्या, म्हणजे खिडकीच्या, कट्ट्यावर टेकायचं. चुकून त्याचं पाऊल त्या खुर्चीकडे वळलं, तर बाई मान वर न करता म्हणायच्या, "ती कदेल रिकामी ना. थंय माणूस बसला." माणूस काही दिसायचा नाही. खुर्चीच्या पाठीवर एखादा शर्ट अडकवलेला असायचा, नाहीतर एप्रन, नाहीतर नुसती टोपी. पाहुणा माझ्याकडे बघायचा आणि मी कॉम्प्युटरमध्ये डोकं घालायचे.

मोठ्या माणसांसाठी ऑनलाइन अभ्यासक्रम तयार करणं हे बाईंचं काम. मोठी माणसं म्हणजे शाळा सोडून जमाना लोटलेली, संसाराला लागलेली. कारखान्यातले कामगार, हॉटेलात भांडी घासणाऱ्या बायका, पर्यटकांना घरची खोली देणारे लोक. त्यांना कामाचं काहीतरी शिकवायचं असतं, पण वर्गात आणून बसवायला कुणाकडे वेळ नसतो. मग ते फोनवरून शिकवायचं. बाई बोलायच्या, मी ते लिहून काढायचे, चित्रं बसवायचे, आवाज कापायचे आणि जोडायचे. असे धडे विकत मिळतात, हजारो मिळतात. त्यात टाय लावलेला एक गोरापान बाहुला येतो आणि हात हलवत बोलतो. बाईंना त्या बाहुल्याचा मनस्वी राग होता. "हो कोण? कोणाच्या घरचो?" असं त्या पडद्याला विचारायच्या आणि उत्तर येईना म्हणून तो बंद करायच्या.

कॅमेऱ्याच्या काचेशी बोलणं त्यांना जमायचं नाही, म्हणून ती खुर्ची. प्रत्येक अभ्यासक्रमाच्या आधी ज्यांना शिकवायचं त्यांच्यापैकी कुणाचा तरी वापरलेला कपडा त्या मागून आणायच्या, खुर्चीला घालायच्या आणि त्याच्याशी बोलायच्या. मध्येच थांबून म्हणायच्या, "कंटाळलो गो तो. हे वाक्य काढून टाक." शर्ट कंटाळलेला यांना कसा दिसतो, हे मी पहिल्या वर्षी विचारायचे. पुढे पुढे मलाही दिसायला लागला आणि मी विचारणं सोडून दिलं.

मयेच्या तळ्याकडे काही बायका पर्यटकांना जेवण करून घालतात. त्यांच्यासाठी स्वयंपाकघरातल्या स्वच्छतेचा धडा करायचा होता. बाईंनी तो धडा स्वतः कसा तपासावा? घरी तांदळाचं पीठ मळायला घेतलं, फोन डब्याला टेकवून ठेवला आणि पिठाच्या हातांनी शिकायला बसल्या. दुसऱ्या दिवशी येऊन फर्मान काढलं की 'पुढे' हे बटण कोपराने दाबता आलं पाहिजे. आमचं सॉफ्टवेअर करून देणारे पर्वरीचे गृहस्थ फोनवर हसले. बाई हसल्या नाहीत. मोठ्या माणसाचे हात कधीच मोकळे नसतात, शिकण्यासाठी हात धुवून बसणं फक्त मुलांना परवडतं, असं त्यांचं म्हणणं. शेवटी अर्ध्या पडद्याएवढं बटण झालं. ते इतकं कुरूप दिसायचं की मला लाज वाटायची, पण त्या बायकांनी धडा शेवटपर्यंत पाहिला.

बाईंची दुसरी खोड म्हणजे 'कळलं का?' हा प्रश्न त्यांनी आयुष्यातून हद्दपार केला होता. मला कधी विचारला नाही, दुकानदाराला नाही, कुणालाच नाही. काही सांगून झालं की गप्प बसून तोंडाकडे बघत राहायच्या. ते बघणं फार जाचक असायचं. मी मुळात घाबरट बाई. कुणी नुसतं बघितलं तरी माझं काहीतरी चुकलं असणार असं मला वाटतं. सुरुवातीला तर मी त्यांच्या बघण्याला घाबरून, न विचारलेल्या प्रश्नालाही "हो हो" म्हणून टाकायचे. त्यावर त्या म्हणायच्या, "तुझा व्हय मला नको. तुझ्या शब्दांत सांग."

याचं कारण त्यांनी एकदा चहा पिताना सांगितलं. तरुणपणी त्या पेडण्याकडे प्रौढ साक्षरतेचे वर्ग घ्यायच्या. पहिल्या बाकावर एक बाई नियमाने बसायची. प्रत्येक अक्षरानंतर "कळलं?" असं विचारलं की सगळ्यांच्या आधी "व्हय बाई" म्हणायची. वर्ष संपलं, समारंभ झाला, नारळ दिले. पुढच्याच आठवड्यात ती बसस्टँडवर भेटली आणि बसच्या पाटीकडे बोट दाखवून तिने विचारलं, "बाई, ही खंय वता?" बाई सांगत होत्या की मला त्या वेळी धरणीने पोटात घेतलं असतं तरी चाललं असतं. "ती खोटारडी नव्हती गो. माझा मान राखत होती. वर्षभर ती माझा मान राखत बसली आणि मी समजत होते मी शिकवत्ये."

हे सगळं मी आज हसत सांगतेय. पण कारखान्याचं काम आलं तेव्हापासून पुढचं वर्षभर मला नीट जेवण गेलेलं नाही.

औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याला त्यांच्या कंत्राटी कामगारांसाठी धडा हवा होता. सांडपाण्याच्या बंद टाक्या असतात, त्या अधूनमधून आत उतरून साफ कराव्या लागतात. आत वायू साठलेला असतो. तो दिसत नाही, कधी कधी वासही येत नाही. माणूस उतरतो आणि दोन श्वासांत पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही पडतो. उतरण्याआधी टाकी हवेशीर करायची, मीटर सोडून हवा मोजायची, कमरेला दोर, बाहेर एक माणूस. एवढंच शिकवायचं. आणि त्या कामगारांत माझा दादा होता.

दादा म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ. खाणी चालू होत्या तोवर खनिज वाहणारा टिपर ट्रक चालवायचा. खाणी बंद झाल्या, मालकाने टिपर विकला आणि दादा इकडेतिकडे करत शेवटी त्या कारखान्यात लागला. तो काय काम करतो हे मला नीट ठाऊक नव्हतं. 'साफसफाई' एवढंच तो सांगायचा. कारखान्याने पाठवलेली यादी मी उघडली, त्यात टाकीत उतरणाऱ्यांमध्ये त्याचं नाव होतं. बाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी यादी स्वतः वाचली. मग म्हणाल्या, "त्याचा शर्ट आण."

मी त्याचा टिपरवरचा शर्ट आणला. कितीही धुतला तरी खनिजाची तांबूस झाक न गेलेला. बाईंनी तो खुर्चीला घातला, बटणं लावली, कॉलर नीट केली. त्या दिवसापासून मी काम करताना दादा समोर बसलेला असायचा.

पहिला प्रयोग बाईंनी कारखान्याच्या कॅन्टीनमधल्या मोठ्या पडद्यावर केला. त्या ऑफिसातून बोलणार, तिकडे सगळे कामगार ऐकणार. आमच्या पडद्यावर कॅन्टीन दिसत होतं, पण डोकी लहान लहान. बाई चांगल्या बोलल्या. टाकी कशी उघडायची, मीटर कसं सोडायचं, सगळं आपल्या बोलीत सांगितलं. प्रत्येक वाक्यानंतर तिकडून एका सुरात "व्हय" येत होता. मला बरं वाटलं. मग बाई त्याच आवाजात, जराही न अडखळता म्हणाल्या, "आणि आत काळोख आसलो, तर काडी पेटोवन भितर उडोवची. उजवाड पडटा."

बंद टाकीत पेटती काडी. मी बाईंकडे बघितलं. पडद्यातून आवाज आला, "व्हय."

एकाचा नाही, सगळ्यांचा. त्यात मला दादाचा आवाज वेगळा ऐकू आला. लहानपणापासून ऐकलेला आवाज, चुकणं शक्य नव्हतं. त्याने किती सहज म्हटलं ते.

बाईंनी लगेच ती मुद्दाम केलेली चूक उलगडून सांगितली, पुन्हा पुन्हा सांगितली, काडी म्हणजे स्फोट हे सगळ्यांकडून वदवून घेतलं. त्यावरही "व्हय" आलाच. कॉल संपल्यावर त्या खुर्चीवरच्या शर्टाकडे बघत बसल्या. म्हणाल्या, यांचं लक्ष नव्हतं असं नाही. हे देवळातलं आहे. आमच्याकडे देवळात गाऱ्हाणं घालतात. एक मानकरी देवापुढे उभा राहून गावाच्या वतीने मागणं मागतो, आणि त्याच्या प्रत्येक वाक्याला सगळा गाव म्हणतो, 'व्हय म्हाराजा'. त्यात कुणी वाक्य तपासत नाही. बोलणारा मोठा, मागणं सगळ्यांचं, आपण होकार भरायचा. बाई स्वतः पार्शे गावच्या, गाऱ्हाण्यात वाढलेल्या. त्यांनी ते तिथल्या तिथे ओळखलं. "मुकादम टाकीकडे उबो रावन 'उतर' म्हणटलो आनी हे व्हय म्हणटले," त्या म्हणाल्या. पुढचं बोलायची गरज नव्हती, शर्ट समोर होता.

इथून पुढे बाईंनी जे केलं ते बघून मला पहिल्यांदा वाटलं की या बाईंचं डोकं फिरलंय. त्यांनी सगळा धडा मोडला. नवा धडा असा की फोनमधून मुकादम हुकूम सोडणार. हे कर, ते कर. बहुतेक हुकूम बरोबर, पण मध्येच एखादा जीवघेणा. तिथे कामगाराने 'ना' म्हणायचं. म्हटलं नाही तर धडा पुन्हा पहिल्यापासून. बटण बिटण काही नाही, तोंडाने म्हणायचं, फोन ऐकणार. टाकीच्या तोंडाशी बटण नसतं, असं त्यांचं म्हणणं. आणि मुकादमाच्या आवाजासाठी त्या पार्शाला जाऊन तिथले गाऱ्हाणं घालणारे मानकरी घेऊन आल्या. सत्तरीचे गृहस्थ, धोतर, खांद्यावर उपरणं आणि आवाज असा की खालच्या दुकानातली भांडी वाजावीत. त्यांच्याकडून बाईंनी 'मीटर बिघडला, राहू दे, उतर' असली वाक्यं म्हणवून घेतली. ते बिचारे प्रत्येक वाक्याआधी विचारायचे, "हें चुकीचें न्हय गो बाय?" आणि बाई म्हणायच्या, "चुकीचेंच आसा, पूण देवळांत म्हणतात तशें म्हणात."

धडा कामगारांच्या फोनवर गेला आणि सगळे अडकले. सांगितलेलं त्यांना येत होतं. विचारलं तर धडाधडा सांगायचे. पण त्या आवाजापुढे तोंड उघडेना.

दादा तर सगळ्यांच्या मागे. तो मयेला आमच्या घरी अंगणात फोन हातात धरून उभा राहायचा. मानकऱ्यांचा आवाज घुमून दोराशिवाय उतरायला सांगायचा, "दोर नाका, बेगीन उतर." दादाचे ओठ हलायचे. 'ना' इतक्या हळू यायचा की माझ्यापर्यंत पोचायचा नाही, फोनपर्यंत कुठला पोचणार. धडा पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचा. तो वैतागून फोन सोप्यावर टाकायचा आणि माझ्यावर डाफरायचा. मी म्हणाले, चुकीचं आहे हे तुला माहीत आहे ना? तो म्हणाला, "म्हायत आसा गो. पूण त्या आवाजाक ना कसो म्हणूं?"

मग कारखान्याच्या साहेबांचे फोन सुरू झाले. त्यांच्या पडद्यावर सगळे कामगार लाल, म्हणजे नापास, दिसत होते. याआधीच्या धड्याला एकाच दुपारी सगळे हिरवे झाले होते, हे ते पुन्हा पुन्हा सांगायचे. वर त्यांनी असंही कळवून टाकलं की चवथीपर्यंत, म्हणजे गणपतीपर्यंत, जो धडा पूर्ण करणार नाही त्याचं कंत्राट पुढे चालू राहणार नाही. फोन मी घ्यायचे, कारण बाई साहेबांशी बोलताना गप्प बसून राहायच्या आणि साहेबांना वाटायचं लाईन तुटली.

त्या दिवसांत माझ्या जिवाला दोन्हीकडून घोर होता. दादा पास झाला नाही तर नोकरी जाणार. न शिकता पास झाला तर टाकीत उतरणार. सकाळी बसमध्ये बसलं की पहिली भीती, संध्याकाळी परतताना दुसरी. आईला मात्र एकच भीती ठाऊक होती, नोकरीची. तिला एवढं कळलं होतं की माझ्या कॉम्प्युटरमध्ये दादाच्या नावापुढे एक खूण करता येते. ती काही रागावून बोलायची नाही. जेवताना हळूच म्हणायची, "तुज्याच हातांत आसा मगो तें?"

शेवटी मी पर्वरीच्या गृहस्थांना विचारलं, फोनने हळू आवाजातला 'ना' ऐकला तर चालेल का, तेवढं करता येतं का. ते म्हणाले, अगदी सहज. मी आनंदाने बाईंकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "टाकीकडे पंप चालू असतो. तेवढ्या आवाजात मुकादमाला ऐकू येईल?"

मला रडूच कोसळलं. म्हटलं, तुम्हाला काय जातंय, शर्ट माझ्या भावाचा आहे. बाईंनी माझा कॉम्प्युटर आपल्याकडे ओढला, स्वतःचा पासवर्ड घातला, दादाच्या नावाचं पान उघडलं आणि पुन्हा माझ्याकडे वळवला. "मार टिक. मी भाजीपाव खाऊन येते," म्हणाल्या आणि जिना उतरून गेल्या.

मी त्या पानासमोर बसले. एक टिचकी, बस. घरी आई निवांत झोपली असती. समोर खुर्चीत दादा बसला होता, बटणं लावून, कॉलर नीट करून. मला पुन्हा पुन्हा तो कॅन्टीनमधला 'व्हय' ऐकू यायला लागला. मी पान बंद केलं. बाई परत आल्या, त्यांनी विचारलं नाही, पडद्याकडे बघितलंही नाही. माझ्यासाठी कागदात बांधून एक उंडो पाव आणि भाजी आणली होती, ती टेबलावर ठेवली.

त्यानंतर दादाने घरात सराव सुरू केला, तो मात्र हसण्यासारखा होता. आईने "भात वाढूं?" म्हटलं की हा गरजायचा, "ना!" शेजारच्या काकांनी "खंय चललो रे?" म्हटलं तरी "ना!" आई घाबरली, भूतबाधा झाली की काय म्हणून माझ्याकडे बघायला लागली. चवथीच्या आदल्या आठवड्यात एका सकाळी तो माडाखाली उभा होता. मानकऱ्यांचा आवाज म्हणाला, "मीटर बिघडलो, रावूं दी, उतर." आणि दादा असा ओरडला की माडावरचे कावळे उडाले. फोनने ऐकलं. दादा हिरवा झाला. त्याच्या मागोमाग बाकीचेही एकेक करून सुटले. मी ऑफिसात जाऊन सांगितलं, तेव्हा बाई म्हणाल्या, "फोनाक म्हटलां. मनशाक म्हणूंक जाय." झालं. माणसाला ना म्हणणं अजून बाकीच होतं, माझी चवथ पुन्हा काळजीत गेली.

आणि तो दिवस आला. दुपारची वेळ, बाई खुर्चीपुढे बसून कुठल्यातरी दुसऱ्या धड्याचं बोलत होत्या. माझा फोन वाजला. कामाच्या वेळी दादा कधी फोन करत नाही. नाव बघून मी तो लगेच उचलला. पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता. मग म्हणाला, "हांवें ना म्हटलें गो."

कशाला, कुणाला, काही न विचारता मी विचारलं, "मोठ्यान?"

"मोठ्यान," तो म्हणाला.

टाकी उघडली होती, मीटर सापडत नव्हतं. मुकादम म्हणाला, कालच साफ केलीय शेजारची, काही होत नाही, उतर. मुकादम आमच्याच वाड्यावरचा, दादाने लहानपणी त्याच्या अंगणात गोट्या खेळलेल्या. दादाने ना म्हटलं. मुकादमाला वाटलं चेष्टा करतोय. दादाने पुन्हा म्हटलं. त्याच्या मागे उभ्या असलेल्याने हातातला दोर खाली ठेवला, मग तिसरा बाजूला झाला. कुणीच उतरलं नाही. दादाला घरी जायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी कुठून तरी मीटर आणलं, टाकी हवेशीर करून साफ केली. मीटरने काय दाखवलं ते कुणी सांगितलं नाही.

सगळं छान झालं असं कुणी समजू नये. कंत्राट संपल्यावर दादाला पुन्हा बोलावणं आलं नाही. कारखान्याने आमचा धडा काढून टाकला आणि बाहुल्याचा घेतला. त्यात शेवटी 'समजले' असं बटण आहे.

आई माझ्याशी बोलेनाशी झाली. बाई एका रविवारी आमच्याकडे मयेला आल्या, पार्शाच्या बागेतले काजूगर घेऊन. आईने पाट दिला, चहा दिला आणि मग विचारलं, माझ्या मुलाचं तुम्ही काय केलंत. बाईंनी 'मी त्याचा जीव वाचवला' असं म्हणावं, म्हणजे आई गप्प होईल, अशी मी मनात विनवणी करत होते. बाई म्हणाल्या, "त्या टाकयेंत किदें आशिल्लें तें माका खबर ना. कांय नसतलेंय." टाकीत काहीच नसेलही, हे ऐकून आई रडायला लागली. बाई तिच्या शेजारी बसून राहिल्या, संध्याकाळच्या बसची वेळ होईपर्यंत. मला त्यांचा इतका राग आला होता, तितका पुन्हा कधी आला नाही. काहीतरी झालं असतं, हे कधीच दाखवता येत नाही. झालं नाही, एवढंच असतं, आणि त्याचं कुणी कौतुक करत नाही.

दादा मग दुसऱ्याची टॅक्सी चालवायला लागला. मोप्याच्या विमानतळावरून प्रवासी घेऊन यायचा. हळूहळू बस्तान बसलं, आईचा अबोला सुटला. गंमत म्हणजे दादाला बाईंचा राग आला नव्हता. कधी ऑफिसखालून गेला तर हॉर्न वाजवायचा आणि बाई जनेलातून हात करायच्या. त्याचा शर्ट त्यांनी परत दिला नाही, त्यानेही मागितला नाही.

बाईंना दम लागायला लागला तो त्याच वर्षी. आमचा जिना चढताना मध्ये थांबायच्या आणि मला दाखवायच्या की भिंतीवरची जाहिरात वाचताहेत. मला कळत होतं. मी डॉक्टरचं नाव काढलं की गप्प बसून माझ्याकडे बघायच्या, पण या वेळी मी त्या बघण्याला घाबरले नाही. त्यांची भाची कुडाळला, दुसरं जवळचं कुणी नाही. शेवटी दादाच्या टॅक्सीतून आम्ही त्यांना मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तपासण्या झाल्या. हृदयाची झडप खराब झाली होती, ऑपरेशन करावं लागणार होतं.

डॉक्टर तरुण होता, वाईट नव्हता, घाईत होता. बाहेर बाकांवर गर्दी. त्याने उभ्या उभ्याच सांगितलं, निम्मं इंग्रजीत. दोन प्रकारच्या झडपा असतात, एक बसवली तर आयुष्यभर गोळ्या, दुसरी बसवली तर काही वर्षांनी पुन्हा ऑपरेशन, धोका एवढा, न केल्यास एवढा, कोणती बसवायची ते तुम्ही ठरवायचं. बोलता बोलता तो पुढच्या पेशंटचे कागद चाळत होता. "समजलं ना, आजी?"

बाई पलंगाच्या कडेला बसल्या होत्या, हात मांडीवर जोडलेले. त्यांनी मान हलवली. "व्हय डॉक्टर."

तो आवाज मी ओळखला. कॅन्टीनमधला आवाज. मी बाईंकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर एक हसू होतं, जे मी इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं, मान राखणारं, पहिल्या बाकावरचं. त्यांना काही कळलं नव्हतं. त्या भयंकर घाबरल्या होत्या. ज्या बाईंनी आयुष्यभर दुसऱ्यांचा 'व्हय' घेतला नाही त्या स्वतः 'व्हय' म्हणून मोकळ्या झाल्या होत्या. आणि मी बोलणार होते, खरंच बोलणार होते, पण डॉक्टर दाराकडे वळला होता, बाहेर माणसं उभी होती आणि मी त्याला वाट देत बाजूला झाले.

दादा दारात उभा होता, हातात गाडीची किल्ली. डॉक्टरला जायला वाट द्यायला तो बाजूला व्हायला हवा होता. तो झाला नाही.

"ना दोतोर," तो म्हणाला. आमच्या आजीसारखाच तो डॉक्टरला दोतोर म्हणतो. आवाज मोठा होता, बाहेरच्या बाकांवरच्या माणसांनी आत डोकावून बघितलं. "बायेंक कळूंक ना. परत सांगात."

डॉक्टर थांबला. आधी दादाकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग बाईंकडे. बाई कुणाकडेच बघत नव्हत्या. त्यांची मान खाली गेली होती आणि जोडलेले हात सुटले होते. मला वाटलं आता डॉक्टर चिडणार. त्याने हातातले कागद टेबलावर ठेवले, एक स्टूल ओढलं आणि बाईंच्या समोर बसून पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. या वेळी मराठीत. हृदय म्हणजे काय, झडप कशासाठी असते, ती बिघडली की दम का लागतो. बाई ऐकत होत्या. हळूहळू त्यांची मान वर आली आणि त्या डॉक्टरच्या तोंडाकडे बघायला लागल्या, त्यांच्या त्या जाचक बघण्याने.

मग डॉक्टर दोन झडपांमधल्या फरकावर आला. गोळ्यांचं सांगितलं, पुन्हा ऑपरेशनचं सांगितलं आणि थांबला.

"ना," बाई म्हणाल्या.

डॉक्टरने स्टूल आणखी पुढे घेतलं आणि तेवढंच वाक्य पुन्हा, जरा वेगळं करून सांगायला लागला.